कुणी राहिलंय का जेवायचं?

१

शेंद्र्यात आवडाबाईची खानावळ चालू होती, तेव्हा तिथं एकदा जेवून गेलेला माणूस दोन गोष्टी विसरत नसे. एक तिच्या हातचं कढीपत्त्याचं वरण आणि दुसरी तिची हाक. पातेली आवरायच्या आधी ती एक जादा ताट वाढायची, कोपऱ्यात मिठाची चिमूट ठेवायची, ताट दाराच्या पायरीवर नेऊन ठेवायची आणि रस्त्याकडं तोंड करून ओरडायची, "कुणी राहिलंय का जेवायचंऽऽ?"

कुणी ना कुणी यायचंच. बस चुकलेला, डबा न आणलेला, कंपनीत नवा लागलेला. नाहीच आलं तर ताट कुत्र्याला. हा नेम तिच्या सासूनं घालून दिलेला आणि आवडाबाईनं तो कधी मोडला नाही. नवरा कामावरून येताना रस्त्यावर अपघातात गेला, त्या संध्याकाळीसुद्धा बातमी यायच्या आधी तिनं हाक दिली होती आणि त्याचं ताट झाकून ठेवलं होतं. ते तसंच राहिलं. त्यानंतर तिची हाक जरा जास्तच मोठ्यानं निघायला लागली, एवढाच काय तो फरक.

मागं राहिला एकुलता एक इंद्रजीत. आता शेंद्र्याच्या पोरानं काय करावं? समोर एवढ्या कंपन्या, कुठंही चिकटावं. पण ह्याला लागलं समुद्राचं वेड! समुद्र शेंद्र्यापासून कुठल्या कुठं, नदीसुद्धा धड नाही, तरी हा पठ्ठ्या शिडाच्या बोटी एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पोचवायचं काम शिकला. मालक विमानानं जाणार, बोट हा नेणार. बायको केली श्रेया, गुलमंडीतल्या कापडवाल्याची पोरगी. तिलाही ह्यानं वर्षभरात दोर ओढायला लावलं.

कंपन्यांनी आपापली कँटीनं काढली आणि आवडाबाईची खानावळ बसली. ती नुसती घरात बसून राहायला लागली तेव्हा इंद्रजीत म्हणाला, "माय, चल आमच्यासंगं. गोव्यातून मॉरिशसला बोट न्यायचीय. तुझी खानावळ पाण्यावर टाकू."

गल्ली हसून हसून बेजार झाली. आवडाबाई मात्र तयार झाली, पण स्वयंपाकाच्या हौसेनं नव्हे. श्रेया एकदा बोलता बोलता सांगून गेली होती, की बोटीच्या वरच्या अंगाला जायचं तर कमरेला पट्टा बांधायचा आणि त्याचा आकडा बोटीला अडकवायचा. पट्टा नसताना माणूस पाण्यात पडला तर बोट पुढं निघून जाते, माणूस मागं राहतो आणि मग तो सापडत नाही. "आणि तुमचा मुलगा पट्टा बांधायचा कंटाळा करतो," असंही ती म्हणाली होती.

"मी सैपाकाला नाय येत," आवडाबाईनं लेकाला बजावलं. "तुझ्या पट्ट्यावर नजर ठेवायला येऊ राहिले. मला एक ताट झाकून ठेवायचं पुरं झालं बाबा. दुसरं नाय."

२

पहिले काही दिवस ओकण्यात गेले. त्यानंतर आवडाबाईनं बोटीचा ताबा घेतला.

बोटीतली शेगडी पाळण्यासारखी झुलती असते. बोट कितीही कलली तरी शेगडी सरळ आणि बाई वाकडी. आवडाबाईनं स्वतःला एका दोरानं ओट्याला बांधून घेतलं, पाय समोरच्या फळीला लावले आणि भाकरी थापायला सुरुवात केली. पहिली भाकरी श्रेयाच्या अंगावर गेली, दुसरी तव्यावर. तिसरीपासून सगळं सुरळीत. दाराशी रंगाच्या डब्यात कढीपत्त्याचं रोप बांधलेलं होतं. इंद्रजीत म्हणायचा, "हिंदी महासागरात कढीपत्त्याची शेती करणारी पहिली बाई माझी माय!"

आणि हाच इंद्रजीत जेवताना तोच कढीपत्ता वेचून काढायचा. लहानपणापासूनची खोड. एकेक पान काढायचं आणि ताटाच्या काठावर ओळीनं मांडायचं, शाळेतली पोरं प्रार्थनेला उभी करतात तसं. दुसरी खोड मिठाची. भाजी कशीही असो, कोपऱ्यातली चिमूट पहिल्यांदा फस्त, आणि मग "माय, मीठ." ती ओरडायची, "अरे, भोवती एवढं खारं पाणी हाय, त्यात जीभ बुडव की!"

दिवस छान जात होते. सकाळी इंद्रजीत शिडं बघायचा, श्रेया दोर तपासायची, आवडाबाई दोघांचे पट्टे तपासायची. ताटं समुद्राच्या पाण्यानं धुवायची, गोडं पाणी जपायचं. जेवण तिघांनी मिळून दिवस मावळायच्या आत. तेवढा वेळ एक यंत्र आपोआप सुकाणू धरायचं. नंतर रात्रभर नवराबायको आळीपाळीनं पहाऱ्याला.

ओकणं थांबलं त्या संध्याकाळी आवडाबाईच्या अंगात जुनी बाई परत आली. चौथं ताट तिच्या हातानंच वाढलं गेलं. ते घेऊन ती पायऱ्या चढली, दाराबाहेर ठेवलं आणि आजूबाजूला दिसेल तिकडं पाणीच पाणी असताना कमरेवर हात ठेवून खणखणीत ओरडली, "कुणी राहिलंय का जेवायचंऽऽ?"

इंद्रजीत पोट धरून हसला. "माय, इथं कोण येणार? बांगडा का सुरमई?"

"कुणी का येईना. नेम म्हंजे नेम."

तिघं खाली जेवायला बसले. जेवण आटोपून ती माशांना ताट टाकायला वर गेली, तर ताट रिकामं होतं. फक्त मिठाची चिमूट तेवढी जागच्या जागी होती.

३

"बोट कलली असेल, सांडलं असेल पाण्यात," श्रेया म्हणाली.

"मग मीठ कसं नाय सांडलं?"

"चिकटलं असेल, आई."

आवडाबाईला ते पटलं. दुसऱ्या दिवशीही ताट रिकामं. तिसऱ्या दिवशी तिनं कडीला दोरी लावून ताट बांधून ठेवलं, तेही रिकामं. भाकरी नाही, वरण नाही, कढीपत्त्याचं पानसुद्धा नाही. मीठ मात्र होतं.

मग सुरू झाली थट्टा. श्रेयाला वाटे इंद्रजीत करतोय, इंद्रजीतला वाटे श्रेया करतेय, आणि दोघांना मिळून वाटे की आईच गुपचूप मटकावतात. "मीठ का खात नसतील पाव्हणे?" श्रेया विचारायची. "बीपी असंल पाव्हण्याला," इंद्रजीत म्हणायचा. आवडाबाई हसायची खरी, पण तिघं एका बाकावर गुडघ्याला गुडघा लावून जेवत असायचे, त्यातलं कुणीच उठलेलं नसायचं, हे तिच्या डोक्यातून जायचं नाही.

समुद्रपक्षी, ती स्वतःला समजवायची. पक्षी कशाला खातील मीठ? एवढं साधं आहे. गोव्याचा किनारा सोडल्यापासून आपल्याला एकही पक्षी दिसला नाही, हे ती स्वतःला सांगत नसे.

एकदा जेवताना छतावर आवाज झाला. अनवाणी पायांचा, ओल्या पायांचा. डोलकाठीपासून निघाला आणि दारापर्यंत आला. मग थांबला. तिघांचे घास हातातच राहिले.

"दोर आपटतोय," इंद्रजीत म्हणाला.

"व्हय, दोरच असंल," आवडाबाई म्हणाली, आणि तिनं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. बाहेर ताट फळीवर हलकेच सरकल्याचा आवाज आला. श्रेयानं मोबाइलवर गाणं लावलं, जरा मोठ्यानंच.

"आई, उद्यापासून नको ना ते ताट," ती नंतर हळूच म्हणाली.

आता इथं आवडाबाईचं चुकलं असं कुणी म्हणेल. पण जेवायला बोलावलेल्या माणसाला आजपासून येऊ नको म्हणायचं कसं? खानावळ चालवणाऱ्या बाईच्या तोंडून ते निघतच नाही. "पोरी, आपलं काय खाऊ राहिलं? एक भाकर," ती म्हणाली. "त्रास तर काय देत नाय बिचारं." आणि नेम चालू राहिला.

४

विषुववृत्ताच्या आसपास वारा पडला. असा पडला की शिडं ओल्या धोतरासारखी लोंबायला लागली. पाणी एकदम गुळगुळीत, लाट नाही, फेस नाही. डिझेल जपून ठेवायचं होतं, त्यामुळं बोट जागच्या जागी. ऊन मी म्हणत होतं.

दुपारी श्रेया पहाऱ्याचं जागरण भरून काढायला झोपली होती. आवडाबाई ओट्याशी तांदूळ निवडत होती. वर इंद्रजीत शीळ घालत होता. शीळ चालू होती तोवर ती तांदळातले खडे बघत होती. शीळ थांबली. मग पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज झाला. ओरडणं नाही, काही नाही, नुसता एकच 'डुबुक्'.

ती पायऱ्या कशी चढली ते तिचं तिलाच ठाऊक. वर कुणी नव्हतं. सुकाणूपाशी नाही, पुढं नाही, शिडाच्या सावलीत नाही. इंद्रजीतचा पट्टा खुंटीला लटकत होता.

समोर पाणी, मागं पाणी. त्यावर एक रेघ नाही, एक वर्तुळ नाही. आवडाबाईनं दोन्ही हातांनी कठडा धरला. तिला लेकाचं नाव घ्यायचं होतं. इंद्या म्हणायचं होतं. पण तोंडातून जे निघालं ते जन्मभराच्या सवयीचं निघालं.

"कुणी राहिलंय काऽऽ? वर या रेऽऽ, या वर!"

बोटीच्या मागच्या बाजूला पाण्यात उतरायची शिडी असते. तिच्यावर ओला हात आला. मग दुसरा आला. मग इंद्रजीतचं डोकं, खांदे, आणि तो निथळत वर चढला.

"काय माय, पोहत होतो. किती वरडतीस!"

आवडाबाईनं आधी त्याच्या मुस्काटात दिली आणि मग त्याला मिठी मारली. रडली, शिव्या दिल्या, परत मिठी मारली. त्याचं अंग गार पडलं होतं. पाण्यातून आलेल्या माणसाचं अंग गारच असणार, नाही का?

"पट्टा का नाय बांधला रे, मुडद्या?"

"चुकलं. आता कायम बांधीन," तो म्हणाला, आणि खुंटीवरचा पट्टा काढून त्यानं लगेच कमरेला बांधलासुद्धा.

तेवढ्यात, इतक्या दिवसांनी, वारा आला. शीड फडफडलं, भरलं. "श्रेया, ऊठ! वारा आला!" तो ओरडला. श्रेया डोळे चोळत आली, दोर ओढले गेले, बोट कलली आणि पाणी कापत निघाली. आवडाबाई मागं कठड्याशी बसून होती. तिला लांब पाण्यावर काहीतरी दिसलं. काळं, वाटोळं, वरखाली होणारं. त्याच्या शेजारी एकदा काहीतरी उंच उभं राहिलं आणि खाली गेलं. परत उभं राहिलं.

"इंद्या, ते काय रे?"

त्यानं मागं वळून पाहिलं. "कासव हाय माय. पंख हलवतंय."

ती बघत राहिली. कासव लहान होत गेलं. तिच्या खांद्यावर लेकाचा हात होता, ओला आणि जड. पोरगं समोर धडधाकट उभं असताना आईनं दुसरीकडं कशाला बघायचं? तिनं नजर काढून घेतली आणि तांदूळ आवरायला खाली गेली.

५

त्या संध्याकाळी तिनं गोड शिरा केला. चौथं ताट वाढलं, हाक दिली. जेवण झाल्यावर वर गेली, तर ताट जसंच्या तसं. माशी बसावी म्हटलं तर समुद्रात माशीही नाही.

"गेले वाटतं पाव्हणे," श्रेया टाळी वाजवून म्हणाली. "सुटलो बाई!"

आवडाबाईलाही बरं वाटलं. खाली येऊन ती ताटं गोळा करायला लागली. स्वतःचं, श्रेयाचं. इंद्रजीतचं ताट तिनं उचललं आणि हातात धरून उभी राहिली. वरण पुसून खाल्लेलं. काठावर कढीपत्त्याचं एकही पान नाही. कोपऱ्यात मिठाची चिमूट होती, तिला बोटसुद्धा लागलेलं नव्हतं.

"मीठ नको झालं व्हय रे?"

"भोवती एवढं खारं पाणी हाय की, माय," तो हसून म्हणाला.

तिचंच वाक्य. तिच्याच लेकाच्या तोंडात. ती पण हसली. घाबरलेलं पोर, एका दिवसात शहाणं झालं असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि ताट धुतलं.

६

मॉरिशसला बोट पोचली, मालक खूश झाला. तिथं मराठी बोलणारी माणसं भेटली, त्यांनी आवडाबाईला साडी नेसवली आणि तिनं त्यांना भाकऱ्या खाऊ घातल्या. विमानानं परत येताना तिनं हवाईसुंदरीला वरणाची कृती सांगितली.

शेंद्र्यात आल्यावर इंद्रजीत म्हणाला, आता समुद्र पुरे. गल्लीला नवल वाटलं. तो शेंद्र्यातल्याच एका कंपनीत लागला. वेळेवर जातो, वेळेवर येतो. हेल्मेट न सांगता घालतो. जेवलेलं ताट स्वतः धुतो. श्रेया माहेरी सांगते, "समुद्रानं माणूस सुधारला बाई माझा." वेरूळला जाऊन घृष्णेश्वराला तिनं अभिषेक करून आणला. आवडाबाईनं खानावळ पुन्हा उघडली आणि जुनी गिऱ्हाइकं धावत आली. आता ह्यात तक्रार करण्यासारखं काय आहे, तुम्हीच सांगा. जन्मभर ओरडून जे झालं नाही ते सगळं न ओरडता होत होतं.

फक्त मीठ राहायचं. रोज. आवडाबाई ती चिमूट मोरीत सोडायची. कुणाला सांगणार? लेक मीठ कमी खातो म्हणून कुठल्या बाईनं आजवर हंबरडा फोडलाय?

कधी कधी दुपारी तांदूळ निवडताना ते कासव तिच्या डोळ्यांपुढं यायचं. ते वर उभं राहणारं काहीतरी. कासवाचा पंख एवढा लांब असतो का, हे तिला कुणाला तरी विचारायचं होतं. घरात विचारण्यासारखा एकच माणूस होता, आणि तिनं त्याला विचारलं नाही. त्या दिवशी आपण नाव घेऊन हाक मारली असती तर, एवढाच विचार यायचा आणि तिथंच थांबायचा.

हाक मात्र बदलली. आता ती पायरीवर उभी राहून आधी नेहमीचं ओरडायची, आणि मग आवाज खाली आणून एकदाच म्हणायची, "इंद्या, ये रे बाबा जेवायला." श्रेया आतून हसायची, "आई, तो इथंच आहे!"

"ऱ्हाऊ दे गं. सवय हाय."

७

ताट रोज कुत्रं खायचं. दिवाळी होऊन गेली, थंडी पडली, तरी कुत्रंच खायचं.

एका संध्याकाळी दिवेलागणीला आवडाबाई हाक देऊन आत गेली. गिऱ्हाइकं जेवून गेली होती. इंद्रजीत आणि श्रेया टीव्हीसमोर बसून कशावर तरी खदखदून हसत होते. ती ताट उचलायला दारात आली. कुत्रं रस्त्याच्या पलीकडं उभं होतं, शेपूट पोटात घालून, आणि काही केल्या इकडं यायला तयार नव्हतं.

पायरी ओली होती. पाऊस नव्हता, नळ बंद होता.

ताटातली भाकरी संपली होती. वरण संपलं होतं. काठावर कढीपत्त्याची पानं होती, एकाशेजारी एक, ओळीनं मांडलेली. आणि कोपऱ्यातलं मीठ पार चाटून पुसून खाल्लेलं होतं.

आवडाबाई ताटाशेजारी बसली. तिनं त्या पानांवरून बोट फिरवलं. रडू आलं आणि त्या रड्यातच हसूही आलं, कारण तिच्या मनात पहिली गोष्ट आली ती अशी, की एवढ्या लांबून चालत आलं माझं लेकरू आणि मी चिमूटभर मीठ ठेवलं!

ती उठली, आत गेली, दोन भाकऱ्या घेतल्या, वरणाचं पातेलं घेतलं आणि फळीवरची मिठाची बरणीच काखेत मारली. टीव्हीचा आवाज थांबला होता. इंद्रजीत तिच्याकडं बघत होता. हसत नव्हता.

"माय, कुठं चाललीस? दार लाव. गारवा येऊ राहिला."

आवडाबाईनं वळून त्याच्याकडं पाहिलं. इतके महिने तिच्या हातचं खाल्लेलं होतं त्यानंही. कधी एक वाकडा शब्द नाही.

"लावते," ती म्हणाली. "तू जेवलास ना पोटभर? मग झालं. अजून एक जण राहिलाय जेवायचा."

आणि ती दार सताड उघडं ठेवून पायरीवर जाऊन बसली.